तेराव्याला शिजलेली मटकी

बायको गेली. तेराव्याच्या आदल्या दिवशी भावजय म्हणाली, "भाजीला काय घालायचं?" म्या म्हणलं, "कोपऱ्यातल्या मडक्यात मटकी हाय, भिजवा." तिनं मटकीला लागलेली राख धुऊन काढली. राख कशाला लावून ठेवलीय, हे आमी दोघांनीबी विचारलं न्हाय.

तेराव्यानंतर बायकोच्या बचत गटातल्या बाया पेरणीसाठी बी न्यायला आल्या. पंधराजणी खत-औषधाबिगर शेती करत्यात, अन् साऱ्यांचं गावरान बी आमच्या घरी राहायचं. कीड लागू नये म्हणून बियाला राख लावत्यात, हे म्हायती असून ती मटकी म्या शिजवायला दिली, असं खाली मान घालून सांगितलं.

"म्हंजी तात्या, परवा पंगतीला आमी आमचंच बी खाल्लं व्हय?" एक म्हणाली. कुणी हसलं न्हाय. तसली मटकी दुकानात मिळत न्हाय. पाऊस उघडला तरी ती तग धरती.

दुसऱ्या दिवशी एसटीनं परंड्याकडं बायकोच्या माहेरी गेलो. तिनं तिथं मागं थोडं बी दिलं होतं.

तिची वहिनी म्हणाली, "दाजी, ती असताना कधी तिला न्यायलाबी आला न्हाईत. आज आलाव ते मागायला?"

"व्हय, मागायलाच आलोय," म्या म्हणलं.

तिनं वाटीभर दिलं. वाटीत एकर भरत न्हाय. दोन तासं, म्हंजी दोन ओळीच, पेरल्या, शेण-गोमूत्र कालवून घातलं, खुरपणीबी म्याच केली. निघालं तेवढं सगळं औंदा पुन्हा पेरायचं. पंधरा घरांना पुरायला अजून दोन पावसाळे लागतील.

बाया म्हणत्यात, "तात्या, तवर जगा म्हंजी झालं."

जगायची लई हौस उरली न्हाय. पर जगतो.