दोरा बांधलेली वांगी

वृषालीच्या गच्चीवर चार वांगी अजून झाडालाच होती आणि चारही देठांना लाल दोरा बांधलेला होता. दोरा बांधलेल्या वांग्याला घरात कोणी हात लावत नसे. ते बियाचं. पिवळं पडेपर्यंत झाडावर राहू द्यायचं, मग चिरून पाण्यात कुस्करायचं. तळाशी बसेल ते बी ठेवायचं, तरंगेल ते टाकायचं. कापलेल्या निळ्या पिंपांत ही हिरवी भरताची वांगी ती एकोणीस वर्षं लावत आली होती. बी तिच्या आईचं, यावलकडचं. इकडे गुजरातेत, गोडादऱ्याच्या बाजारात मिळणाऱ्या जांभळ्या वांग्याला ती वांगं म्हणतच नसे.

यंदा ती चारही पिवळी पडल्यावर बी काढून सावलीत वाळवलं, आणि राखेत घोळायच्या आतच लेकीचा, अश्विनीचा फोन आला.

"मम्मी, आईंनी तुझ्या वांग्याचं बी मागितलंय. थोडंच दे म्हणाल्या."

आई म्हणजे सासू, जयश्रीबाई. शाळेतल्या गुजराती मैत्रिणींचं ऐकून अश्विनी लहानपणी मम्मी म्हणायला लागली, तेव्हा वृषालीलाच त्याचं कौतुक वाटलं होतं. त्यामुळे 'आई' हा शब्द रिकामाच राहिला होता. लग्नानंतर तो नवागामला, सासूकडे गेला.

दोन वर्षांत बरंच काही नवागामला गेलं होतं. गेल्या रविवारी इथे जेवायला आलेली अश्विनी पहिल्याच घासाला म्हणाली होती, "आई भरतात कांद्याची पात घालतात, मस्त लागतं." वांगी वृषालीची, पिशवी भरभरून पाठवलेली, भरत मात्र जयश्रीबाईंचं. आणि आता बीसुद्धा हवं. म्हणजे पुढच्या वर्षी पिशवी न्यायलाही लेक यायची नाही.

वृषालीने गॅसवर तवा ठेवला. पुडीपुरतं बी त्यावर टाकलं, दोनदा हलवलं आणि उतरवलं. दिसायला काही फरक नव्हता. भाजलेलं बी जन्मात उगवत नाही, हे तिला आईनेच सांगितलं होतं.

दुपारी ती नवागामला पोचली.

"या विहीणबाई," जयश्रीबाई दारातूनच म्हणाल्या. "स्वतः आलात? मला वाटलं, मोजून चार दाणे पाठवाल."

"मागितलंत, आणलं." वृषालीने पुडी पुढे ठेवली.

"मला कशाला? माझ्या पिंपांत मिरच्यांनाच जागा पुरत नाही. तुमच्या लेकीला हवंय. आमच्या हेमराजला कंपनीचं क्वार्टर मिळालं हजीऱ्याला, मे महिन्यात जातील दोघं. तुम्हाला सांगायला घाबरते ती. म्हणते, मम्मी तिकडे रडत बसेल." त्यांनी चहा पुढे सरकवला. "दारापुढे जागा आहे म्हणे. मी म्हटलं, माझ्या मिरच्या ने. तर नाही. आधी मम्मीचं वांगं."

जयश्रीबाईंनी पुडी उघडली, बी तळहातावर घेतलं, बोटाने पसरलं. मग हात नाकाशी नेला.

"हे पेरायचं आहे की फोडणीत टाकायचं?"

"काय झालं आई?" स्वयंपाकघरातून अश्विनीने विचारलं.

जयश्रीबाईंनी वृषालीकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. "काही नाही गं. तुझी मम्मी घाईत दुसरीच पुडी घेऊन आली."

"हो," वृषाली म्हणाली. "उद्या आणते."

रिक्षात तिचे कान तापले होते. बाईने चारचौघांत अब्रू काढली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. उलट तिने झाकून घेतलं. म्हणजे लेक तर तिने घेतलीच, वर मोठेपणाही तिचाच.

दुसऱ्या दिवशी तिने सगळं बी ताटात पसरलं, त्यातलं टपोरं तेवढं वेचून अश्विनीच्या पुडीत भरलं आणि बारीकसारीक स्वतःला ठेवलं. पुडीवर लिहिलं : पहिल्या बहरातलं चांगलं वांगं खाऊ नकोस, दोरा बांध. ती पुडी नवागामला नेऊन दिली, तेव्हा जयश्रीबाईंनी तिला रिकाम्या हाती पाठवलं नाही. मिरच्यांचं बी दिलं. नाही म्हणायला वृषालीला तोंड नव्हतं.

जूनच्या अखेरीस एका सकाळी हजीऱ्याहून फोटो आला : कुंडीत सहा कोवळे कोंब. पाठोपाठ फोन. "मम्मी, उगवली."

"आईंना पाठवलास फोटो?"

"दोघींना एकदमच पाठवला. तू पण ना, मम्मी."

वृषालीने फोन ठेवला आणि फोटोखालची वेळ पाहिली. नऊ तेवीस. थोडा वेळ इकडेतिकडे केलं, मग जयश्रीबाईंना फोन लावला. पावसापाण्याचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "फोटो कधी आला हो तुम्हाला?"

"नऊ चोवीस," जयश्रीबाई ताबडतोब म्हणाल्या. "तुम्हाला?"

"तेवीस."

"असू दे," जयश्रीबाई म्हणाल्या. "माझ्या मिरच्या तरी लावल्यात का, की त्याही तव्यावर गेल्या?"

वृषालीला हसू आलं, ते तिने आवरलं नाही. "लावल्यात. एका पिंपात."

"एकाच?"