गुणाजीचं कांबळं

शेवंती घाटकोपरच्या भटवाडीत मसाला कांडायच्या गिरणीवर मिरच्यांची देठं खुडायची. दिवसभर शिंका, त्यामुळे शिंकांची तिला पक्की जाण. मिरचीची शिंक येते आणि जाते. पण तिच्या सात वर्षांच्या लेकीला, प्रेमाला, भादव्यात यायच्या त्या शिंका वेगळ्या होत्या.

पितृपक्षात, म्हाळाच्या दिवशी, तिचा नवरा जयवंत माळ्यावरच्या ट्रंकेतून आपल्या वडिलांचं, गुणाजीचं, कांबळं काढायचा. त्यांच्या घराण्याची रीत अशी, की मेलेल्याचं कांबळं पाटावर घालायचं आणि घरातलं लेकरू त्यावर बसवून जेवू घालायचं. लेकरू जेवलं की म्हातारा जेवला.

दोन वर्षं एकच प्रकार झाला. प्रेमा कांबळ्यावर बसली, शिंकत सुटली, डोळे चोळून लाल केले आणि आठवड्याच्या आत एका सकाळी उठली ती म्हाताऱ्याचं तोंड घेऊन. तशाच फुगलेल्या पापण्या, तसेच मिचमिचे डोळे! "म्हातारो इलो गो," शेजारची रुक्मिणी दारातच पुटपुटली. शेवंती पोरीपासून दोन पावलं मागे सरली. पोटच्या पोरीची भीती वाटली म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली.

गेल्या वर्षी तर पोटात पाणी भरलं आणि पोर मरता मरता वाचली. इस्पितळातल्या शुभा डॉक्टरांनी शेवंतीला समोर बसवलं. "किडनीचा आजार आहे, भूतबित काही नाही. लघवीतून प्रोटीन जातं, म्हणून सूज येते." त्यांनी काचेची नळी दिली. रोज सकाळची लघवी स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची. पांढरी झाली की पोरीला घेऊन धावत यायचं. मग त्यांनी विचारलं, "आधी शिंका, की आधी सूज?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "शिंका," शेवंती म्हणाली.

"काही मुलांत ॲलर्जीच्या मागोमाग हा आजार उलटतो. का, ते आम्हालाही धड ठाऊक नाही."

यंदा, सत्त्याऐंशी साली, म्हाळाच्या आदल्या दिवशी शेवंतीने कांबळं गिरणीमागे नेऊन जाळलं. धुराला म्हाताऱ्याच्या अंगाचा वास होता. दुसऱ्या दिवशी प्रेमा नुसत्या पाटावर जेवली. कौलावर ठेवलेल्या पानाला मात्र दिवस कलला तरी कावळा शिवला नाही.

"बाबा उपाशी गेले," जयवंत म्हणाला. "आता पोरीक काय झाला, तर तुज्यामुळे."

त्याचं हे बोलणं शेवंतीच्या काळजात रुतून बसलं. रोज सकाळी ती नळी दोन-दोनदा तापवून बघायची.

आठव्या दिवशी प्रेमा शाळेत गेली, जयवंत कामावर. शेवंतीने सकाळची लघवी नळीत घेऊन दिव्यावर धरली. उकळली, बुडबुडे आले. पांढरं काहीच झालं नाही. नितळ! तिला रडूच कोसळलं.

तेवढ्यात पाठीमागे, माळ्याखाली, कुणीतरी शिंकलं.

मिरचीची शिंक नव्हती ती. शेवंतीला बरोबर कळलं. तिने मागे वळून पाहिलं नाही, दिवा विझवला आणि डोक्यावर पदर घेतला.

"मामंजी," ती म्हणाली, "भूक लागली तर माज्याकडे मागा. पोरीच्या ताटात हात घालू नकात."