काकांनी भरलेलं बावखल

सासूबाई मला ‘डराव डराव मॅडम’ म्हणतात. बोळिंजच्या फ्लॅटमध्ये फ्रीजवर बेडकांचे फोटो लावले की आणखी काय म्हणणार! मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. जगभरातले बेडूक का कमी होताहेत, हे शोधणाऱ्या देशोदेशींच्या गटात वसईचं काम माझ्याकडे आहे. बेडूक पकडायचा, कापसाचा बोळा त्याच्या पोटावरून फिरवायचा, त्याला सोडायचं आणि बोळा तपासणीला पाठवायचा.

गासला माहेरच्या वाडीत आमचं बावखल आहे, केळींना पाणी पुरवणारं जुनं तळं. बाबांमागे ते काकाच बघतात. यंदा त्यात बेडूक फार थोडे ओरडत होते, आणि मी काकांपाशी त्याबद्दल सारखी कुरकुरत होते.

मग तपासणीचा निकाल आला. व्हिडिओ कॉलवर ब्राझीलची सहकारी एरवी खळखळून हसते, त्या दिवशी हसली नाही. जगभरातल्या बेडकांचा जीव घेणारी ती संसर्गजन्य बुरशी शेजारच्या बावखलातल्या बेडकांच्या कातडीवर सापडली होती. आमचे मात्र स्वच्छ होते. “आमच्याकडचे ओढे असेच मुके झाले,” ती म्हणाली. “लागण झाली तरी सुरुवातीला बेडूक छान गुबगुबीत दिसतात. तुमचं तळं जपा. एका पाण्यातलं काही दुसऱ्यात जाऊ देऊ नका.”

दुसऱ्या दिवशी गमबूट औषधाने धुऊन मी वाडीत गेले. काका खुशीत होते.

आमच्याकडे बावखल उपसलं आणि मासे संपले, की शेजारी न मागता बादलीभर मासे आणून सोडतो. त्याला कोणी नको म्हणत नाही.

“पोरी, बेडकांसाठी तुझा जीव किती तुटतो ते बघवेना,” काका म्हणाले. “शेजारून दोन बादल्या बेडूक आणून सोडले सकाळी. बादल्यासुद्धा त्यांच्याच.”

ओरडावंसं वाटत होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी पिशवीतून हातमोजे काढले.

ऊन उतरलं आणि बावखल एकदम दणाणून उठलं. इतक्या आवाजाची मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

“ऐक! भरलं की नाही आपलं बावखल?” काका म्हणाले.

हातमोजे घालून मी पायरीवर उतरले. पाण्याच्या कडेला एक गुबगुबीत बेडूक बसला होता, त्याच्या अंगाला खेटून दुसरा. यातला आमचा कोणता, ते मला ओळखता येईना.