सिगारेटच्या चित्राचं साल

माझ्या काकूच्या कुंकवाच्या कोयरीत सिगारेटची चार चित्रं होती. विलायती सिगारेटच्या पाकिटात कांड्या चुरगळू नयेत म्हणून जाड कागदाचा तुकडा घालत. पुढे त्यावर राजे, शिपाई, आगबोटी छापून गिऱ्हाईक भुलवायला लागले. आमच्या घरात तंबाखूला कोणी शिवत नसे. आम्ही अकोल्याचे भिक्षुक. वडिलांचे यजमान बाळापूर, बार्शीटाकळीपर्यंत पसरलेले.

काकूचा नवरा म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तो घरातून निघून गेला. मुंबईला गोदीवर दिसला, आगबोटीवर चढला, असं कोणी कोणी सांगितलं. पत्र मात्र एकही नाही. बारा वर्षं वाट पाहून वडिलांनी शास्त्राप्रमाणे त्याची क्रिया केली. मोर्णेच्या काठी पळसाच्या काड्यांचा पुतळा बांधला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि अग्नी दिला. त्या दिवशी काकू विधवा झाली. बांगड्या फुटल्या, केस गेले. मी तेव्हा पाळण्यात होतो.

त्याच सुमारास टपालाने ही चित्रं आली. चिठ्ठी नव्हती. पाकीट हातात घेताच वडिलांच्या तोंडून निघालं, "दादाचं अक्षर!" इथपर्यंत दोघांना मान्य. पुढे मात्र वडील म्हणत, हे क्रियेच्या आधी, दिवाळीत आलं. काकू म्हणायची, क्रियेनंतर, चैत्रात आलं. "माह्या डोक्यावर तवा केस नव्हते. मले चांगलं आठोते." चित्रं मागून आली असतील तर जित्या माणसाचा पुतळा जाळला गेला होता, आणि नवरा असताना काकूला विधवा केलं होतं. वडील विद्वान, काकूला अक्षरओळख नाही. दुःखानं तिचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, असं वडिलांनी सांगितलं आणि सगळ्यांनी मानलं. चाळीस वर्षं ती आमच्या घरात खोटी ठरून राहिली. घरात कशावरून वाद झाला की कोणीतरी म्हणेच, "काकूच्या चैत्रासारखं नको सांगू." मीही म्हटलेलं आहे. त्याची मला आजही लाज वाटते.

मी अमरावतीला हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. शाळेत एक विलायती मासिक येई. त्यात ही चित्रं जमवणारे लोक कुठलं चित्र कोणत्या वर्षी निघालं यावर तावातावानं भांडत. ते वाचून मला एकदम काकूची कोयरी आठवली. मी मासिकाच्या पत्त्यावर पत्र टाकलं, आणि तिकडच्या एका म्हाताऱ्या संग्राहकाशी माझा पत्रव्यवहार जुळला. काकू चित्रं हातची सोडेना, म्हणून मी पातळ कागद ठेवून ती गिरवली, मागचा मजकूर अक्षर न् अक्षर उतरवला आणि पाठवून दिला. एकेका उत्तराला दोन-तीन महिने लागत. आमचे हिवरखेडचे गणिताचे मास्तर विचारायचे, "काहून हो, संध्या सोडून आता सिगारेटीची पोथी लावली काय?"

म्हाताऱ्याचं डोकं भारी चालायचं. शिपायाच्या छातीवरचं पदक केव्हा सुरू झालं, कारखान्याचा पत्ता केव्हा बदलला, यावरून तो साल काढी. तीन चित्रं जुनी निघाली. ती केव्हाही पाठवलेली असू शकत होती, त्यांचा उपयोग नव्हता. चौथं आगबोटीचं होतं, खाली बारीक अक्षरांत तिचं नाव. ती बोट पाण्यात कधी उतरली हे छापील नोंदीत होतं. तिचं चित्र ऑगस्टात बाजारात आलं, त्याआधी ते कोणाच्या हाती पडणं शक्य नाही, असं त्यानं सालासकट लिहिलं.

आता क्रियेचं साल हवं होतं. वडील जुनी पंचांगं गठ्ठे बांधून ठेवत. दिवाळीच्या सुटीत मी ते पंचांग शोधून काढलं. माघाच्या पानावर त्यांच्या हातानं लिहिलं होतं, "दादाची क्रिया". वर शक. मी तिथल्या तिथे अठ्ठ्याहत्तर मिळवून इंग्रजी साल काढलं. चित्र क्रियेच्या नंतरचं! मी ओसरीवरूनच ओरडलो, "काकू, तू खरी होती!"

वडील समोरच बसले होते. मी पंचांग आणि विलायतेचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी दोन्ही पाहिलं, चष्मा पुसला आणि आत निघून गेले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. बापाला शास्त्रात हरवलं, यातच मी खूश.

काकू मात्र बदलली. देवळात, पाणवठ्यावर, बार्शीटाकळीहून येणाऱ्या यजमानणींना ती सांगू लागली, "मास्तरनं विलायतेतून आणलं उत्तर." आणि तिनं जाहीर केलं की यंदा माघातल्या श्राद्धाचा स्वयंपाक ती करणार नाही. "त्या तिथीले ते जिते होते. जित्याले पिंड मी नाही घालू देत."

नाताळची सुटी संपून जानेवारीत शाळा सुरू झाली. मी फळ्यावर रोज तारीख आणि खाली शक लिहीत असे. पहिल्या दिवशी इंग्रजी साल नवं लिहिलं, शक जुनाच, आणि खडू हातातच राहिला. शक चैत्रात बदलतो. चैत्रापासून डिसेंबरपर्यंत अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, जानेवारी लागला की एकोणऐंशी. क्रिया माघातली, म्हणजे मी ती एक वर्ष मागे ओढली होती. खरं साल धरलं तर चित्र ऑगस्टातलं आणि क्रिया पुढच्या माघातली. मधली दिवाळी वडिलांना मोकळी सापडत होती. पंचांगवाल्याचा पोरगा, आणि शक चुकला! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी काकूला खरी ठरवून गावभर नाचवलं होतं, आणि आता मलाच जाऊन सांगायचं होतं की तसं काही सिद्ध होत नाही.

श्राद्धाच्या दोन दिवस आधी मी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. वडील ओसरीवर दर्भ निवडत होते. मी खाली मान घालून म्हणालो, "बाबा, माहा हिशेब चुकला."

"एकोणऐंशी पाहिजे होते," ते दर्भावरची नजर न काढता म्हणाले. "मले दिवाळीतच समजलं."

हे वडील भर संकल्पात यजमानाला थांबवून तिथी दुरुस्त करायला लावत. त्यांच्यापुढे पोरानं वर्षाची चूक केली आणि ते गप्प बसले होते.

"मंग तवा बोलले काहून नाही?"

"तुहा हिशेब चुकला होता. गोष्ट खरी होती."

ते सांगत गेले. क्रिया झालेला माणूस जिता निघाला तर त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं. बारसं, मुंज, स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न. तो कुठे आहे हेही ठाऊक नाही. ज्यानं क्रिया सांगितली त्यानंच जित्याला जाळलं म्हटल्यावर कोणता यजमान दारात उभं करणार? आणि वहिनींचे केस तर गेलेच होते. पहिल्या दिवशी भ्यायले म्हणून खोटं बोलले, पुढे ते खोटंच घरात नांदलं.

मला इतका संताप आला की मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "तिले सांगा. आताच."

"तुनं सांगितलंच हाये."

"म्या आगबोटीचं सांगितलं. तुमी तुमचं सांगा."

ते उठले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले. काकू सुपात डाळ निवडत होती. माझा बाप कोणापुढे हात जोडून उभा असलेला मी तोवर पाहिला नव्हता.

"वहिनी, ते पाकीट चैत्रातच आलं होतं. त्याच्यावर टपालाचा शिक्का होता. तारीख पायली आन् म्या ते चुलीत घातलं. तुमी खऱ्या होत्या."

काकू रडली नाही, रागावलीही नाही. तिचा हात डाळीत तसाच राहिला.

"मी खरी होती, ते मले माहीतच होतं, भाऊजी," ती म्हणाली. "शिक्क्यावर तारीख असन, तं गावही असन. कोन्तं गाव होतं?"

वडिलांनी जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाले, "गाव नाही पायलं, वहिनी. तारीखच पायली."

काकूनं सूप खाली ठेवलं. कोयरीतून आगबोटीचं चित्र काढून माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "तुह्या त्या म्हाताऱ्याले याच्यावरून गाव समजन काय रे?"

मी म्हणालो, "नाही."