दोन भिंतींवरचे हात

चंद्रहास आमच्या शेजारी राहायचा, मधलं एक घर सोडून. आयर्लंडमधल्या कॉर्क बंदराजवळच्या कॅरिगलाइनमध्ये. २००१ साली तो तिथे आला तो बायकोच्या नोकरीमुळे. सुमेधा केमिस्ट, रिंगास्किडीतल्या एका औषधाच्या कारखान्यात तिला चांगली जागा मिळाली. हा भोसरीला मशीनच्या देखभालीचा इंजिनिअर. नोकरी सोडून, पाच वर्षांच्या रेवाला घेऊन तो तिच्या मागोमाग आला. तिकडे गेल्यावर बघू काहीतरी, असं त्याच्या मनात होतं. पण तेव्हाच्या नियमानं नोकरीच्या परमिटवर आलेल्या बाईच्या नवऱ्याला नोकरी करता येत नसे. एखाद्या कंपनीनं त्याच्यासाठी वेगळं परमिट काढलं तरच. तसं कोणी काढलं नाही.

सुमेधा भल्या सकाळी घराबाहेर पडायची, म्हणून रेवाची शाळेची तयारी याच्याकडे आली. डबा, गणवेश जमलं, पण केस जमेनात. पोरीचे केस दाट, कमरेपर्यंत. मग या गड्यानं दाराच्या मुठीला तीन दोऱ्या बांधल्या आणि वेणीचा सराव केला. वर्षभरात तो अशी सागरवेणी घालायला लागला की शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आयरिश आया वळून बघायच्या.

मराठी लोक जमले की मात्र तो गप्प व्हायचा. "सध्या काय चाललंय?" असं कोणी विचारलं की म्हणायचा, "जरा ब्रेक घेतलाय." आमच्यातले पद्माकर त्याला "काय गृहमंत्री" म्हणून हाक मारायचे. तो हसायचा, आणि प्लेट घेऊन स्वयंपाकघरात जायचा.

मेहरनूशबाई त्याला भेटल्या त्या गावच्या लायब्ररीत. शनिवारी मुलांसाठी गोष्टी सांगायचे, तिथे तो रेवाला घेऊन जायचा. त्या दिवशी तिची वेणी सुटली होती आणि हा खुर्चीवर बसून ती पुन्हा घालत होता. बाहेर वारा होता. "रेवा, तो दरवाजा लाव आधी," तो म्हणाला. समोरच्या टेबलाशी वाचत बसलेल्या पांढऱ्या केसांच्या एका बाईंनी मान वर केली.

"दरवाजा म्हणालात? आमच्याकडेही जवळजवळ हाच शब्द आहे."

"तुमच्याकडे म्हणजे?"

"इराण. पण मला तिथून निघून वीस वर्षं होऊन गेली. आता जाता येत नाही."

त्या फिल्म करायच्या. थिएटरमध्ये दाखवतात तशा नाहीत. अंधाऱ्या मोठ्या खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन फिल्म एकाच वेळी चालायच्या. एकीत पुरुष, दुसरीत बायका. बघणारा मधे उभा. एकीकडे तोंड केलं की दुसरीकडे पाठ. चंद्रहासला हे काही झेपलं नाही. पण त्यांनी "तुमचे हात मला चित्रित करू द्याल का?" असं विचारलं, तेव्हा तो चमकला.

घरी येऊन सुमेधाला सांगितलं. ती म्हणाली, "कर की. छान आहे."

"तुला सोपं आहे म्हणायला. दादांना कळलं तर? म्हणतील, सून कारखान्यात आणि पोरगा वेण्या घालतोय."

"मग नाही म्हणून सांग."

पण नाही म्हणवेना. दोन दिवसांनी तो त्यांच्याकडे गेला. "एक अट आहे," तो म्हणाला. "माझा चेहरा दिसता कामा नये."

मेहरनूशबाई म्हणाल्या, "आयुष्यभर मी झाकून ठेवलेल्या बायकांच्या फिल्म केल्या. माझं तोंड झाका म्हणणारा पुरुष पहिल्यांदाच भेटतोय." त्यात टोमणा नव्हता, असं चंद्रहासनं मला नंतर सांगितलं. असता तर बरं झालं असतं, असंही म्हणाला.

कॉर्कमधल्या एका जुन्या गोदामात चित्रीकरण झालं. रेवा स्टुलावर, मागे हा, कॅमेरा त्याच्या हातांवर. वेणी घालायची, सोडायची, पुन्हा घालायची. रेवा कंटाळली. "बाबा, इट्स ग्रँड! कॅन वी गो होम नाऊ?" सुमेधानं तिला चिप्सचं पाकीट देऊन बसवलं.

ते काम आटोपल्यावर मेहरनूशबाई म्हणाल्या, "आता दुसरी भिंत." आणि स्वतः स्टुलावर बसल्या. मांडीवर काळा रुमाल होता.

"मी लहान असताना आई खूप आजारी होती," त्यांनी सांगितलं. "माझे केस वडील विंचरायचे. तुम्ही रेवाचे विंचरता तसेच. मग मी कॉलेजात गेले आणि देशात सगळं बदललं. बायकांनी केस झाकलेच पाहिजेत, असा कायदा झाला. तेव्हा हेच माझे वडील रोज सकाळी दारात उभे राहायचे आणि बाहेर आलेली एकेक बट रुमालाखाली सारायचे. ते धर्मवेडे वगैरे नव्हते हो. मला कोणी पकडून नेईल, म्हणून घाबरलेले असायचे. तेवढं तुम्ही कराल?"

चंद्रहासनं सुमेधाकडे पाहिलं. परक्या बाईच्या केसांना हात लावायचा! सुमेधानं मान हलवली. तो पुढे झाला. रुमाल नीट बसवला आणि कानामागची पांढरी बट बोटानं आत सारली. एक आत गेली की दुसरी बाहेर यायची. तो पुन्हा पुन्हा सारत राहिला. मेहरनूशबाई ताठ बसून होत्या. कॅमेरा मागे होता, त्यामुळे त्या रडत होत्या हे फक्त समोर उभ्या असलेल्या सुमेधाला दिसलं.

प्रदर्शन उन्हाळ्यात लागलं. नेमके त्याच वेळी चंद्रहासचे वडील, दादा, कराडहून आले होते. साखर कारखान्यात उभी हयात काढलेला माणूस, मोजकं बोलणारा. त्यांना घरी ठेवायचं असं चंद्रहासनं ठरवलं होतं, पण रेवानं तिच्या मोडक्या मराठीत आजोबांना सगळं सांगून टाकलं. मग दादाही आले. आम्ही होतो, पद्माकर होते.

आत अंधार. एका भिंतीवर दोन पुरुषी हात लहान पोरीचे केस गुंफत होते, समोरच्या भिंतीवर तेच हात एका बाईचे केस लपवत होते. आम्ही सारखे मागे-पुढे वळत होतो. पद्माकर एकदा हसले, नंतर नाही. दादा मात्र एकाच जागी उभे होते. ते रुमालाच्या भिंतीकडेच बघत राहिले. मग बाहेर जाऊन बाकावर बसले. चंद्रहास त्यांच्यामागे गेला. मी दारातच होतो.

"ह्ये हात तुजं हायती," दादा म्हणाले.

"हो."

"मग त्वांड का न्हाई दावलंस?"

"दादा, तुम्हाला आवडलं नसतं."

"माज्यावर नगं ढकलूस. तुलाच लाज वाटत हुती." ते रागावून उठले.

चंद्रहास दोन-तीन दिवस धुमसत होता. मला म्हणाला, "खोटं बोलले असते तरी चाललं असतं रे. नेमकं खरं बोलले." दादा मात्र रोज सकाळी रेवाजवळ खुर्ची ओढून वेणी बघत बसू लागले. "सैल झाली. आवळ जरा," असं बजावायचे. शाबासकी त्यांनी एकदाही दिली नाही. त्यांच्यात आणि मुलात फार बोलणं झालं असंही नाही, पण परत निघताना त्यांनी मेहरनूशबाईंसाठी घरच्या गुळाची ढेप काढून ठेवली.

पुढच्या वर्षी नियम बदलला आणि चंद्रहाससारख्यांना नोकरीची वाट मोकळी झाली. एका मुलाखतीत विचारलं, तीन वर्षं काय करत होतात? "मुलगी सांभाळत होतो, घर चालवत होतो," तो म्हणाला. तिथे काम मिळालं नाही. दुसरीकडे मिळालं, भोसरीतल्यापेक्षा खालच्या जागेवर. त्यानं ते घेतलं आणि टिकवलं.

२००६ च्या हिवाळ्यात मेहरनूशबाईंचे वडील शिराजला वारले. फोनवर कळलं, जाता येणार नव्हतंच. चंद्रहासनं कामावरून सुट्टी घेतली, मुगाची खिचडी आणि कढी करून त्यांच्याकडे नेली. सुमेधाही शिफ्ट बदलून गेली. बाईंनी आठ दिवसांत धड काही खाल्लं नव्हतं. "वडिलांनी ती फिल्म कधी पाहिली नाही," त्या म्हणाल्या. "फोनवर मी सांगितली होती. तेव्हा त्यांनी विचारलं, माझ्यावर रागावून केलीस का? मी म्हटलं, नाही. पण मला वाटतं त्यांचा विश्वास बसला नाही."

चंद्रहासनं ताटात आणखी थोडी खिचडी वाढली आणि म्हणाला, "कढी गरम आहे, घ्या." त्यांनी घेतली. अंधार पडेपर्यंत तो आणि सुमेधा तिथेच बसून राहिले. बाई वडिलांच्या बागेबद्दल, डाळिंबांबद्दल, त्यांच्या मोठ्यानं हसण्याबद्दल सांगत राहिल्या.