पळी ताटाला टेकेपर्यंत

"टेकली का?"

वाढणाऱ्याच्या पाठीमागे उभं राहून मावशी एवढंच विचारायची. टेकायची ती पळी. वरणाची असो की भाजीची, जेवणाऱ्याच्या ताटाला टेकल्याशिवाय ती उलटी करायची नाही, हा मावशीचा कायदा होता. ताटं जमिनीवर, त्यामुळे वाढणाऱ्याला कमरेतून पार वाकावं लागायचं. माझी उंची सहा फूट. माझे हाल तुम्हीच समजून घ्या.

गोंदिया स्टेशनजवळच्या आमच्या बुद्धविहारात दर रविवारी वंदना झाली की अंगणात पंगत बसते. फलाटावर, पुलाखाली राहणारी, घरदार नसलेली तीसेक माणसं येतात. भात, वरण, एक भाजी, पौर्णिमेला खीर. मावशी बिड्या वळून पोट भरणारी. विहारात तिला कसलं पद नव्हतं, तिला ते नकोही होतं. पण रविवारी आमचे अध्यक्षसुद्धा तिच्या देखत वाकून वाढायचे.

एकदा मी वैतागून म्हणालो, "मावशी, दोन वीत वरून वाढलं तर वरणाची चव बदलते काय?"

"बदलते," ती म्हणाली. "मी खाल्लं हाय."

मग तिने मनगटाजवळचा एक जुना डाग दाखवला. लहानपणी एका मोठ्या घरच्या लग्नात ती आणि तिची आई सगळ्यांत शेवटी, गोठ्याजवळ जेवायला बसल्या होत्या. विटाळ नको म्हणून वाढप्याने उभ्यानेच पत्रावळीत वरण सोडलं. कढत वरण पोरीच्या हातावर उडालं.

"भाजलं त्याचं काई नाई," मावशी म्हणाली. "पण माय म्हणे, हात मांगं घे वो, पळीले लागन."

त्यानंतर मी तिला चवीबद्दल कधी विचारलं नाही.

पुढे मावशीचे गुडघे गेले. डॉक्टरांनी वाकायला बंदी केली. जेवणाऱ्यांना ते न सांगता कळलं आणि ती आली की ते आपणहून ताटं वर उचलून धरू लागले. मला वाटलं, तिला भरून येईल. ती उलट चिडली.

"ताट खाली ठेवा जी. भीक मांगाले आले का तुमी? जेवाले आले ना?"

अध्यक्षांनी तोडगा काढला. पंगत बंद करू, भरलेले डबे हातात देऊ, त्रास कुणालाच नाही. खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं. मावशी मात्र पुढच्या रविवारी घरून लाकडी पाट घेऊन आली, पंगतीसमोर बसली आणि बसल्या बसल्या सरकत वाढू लागली. पातेलं सरकवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. तिची पांढरी साडी मागून मातीने भरून जायची. "साडी धुता येते," एवढंच ती म्हणायची. डब्यांचा विषय मागे पडला.

पंगतीच्या टोकाला एक म्हातारा बसायचा. छत्तीसगडकडून कधीतरी गाडीने आलेला. कुणाशी बोलायचा नाही, गावाचं नाव विचारलं तरी गप्पच. त्याच्या ताटाला पळी लावून मावशी विचारायची, "टेकली का, बाबा?" तो फक्त मान हलवायचा.

या हिवाळ्यात मावशी गेली. साधा ताप आला आणि चार दिवसांत सगळं संपलं. पुढच्या रविवारी अध्यक्ष म्हणाले, "आता एवढं कोण करणार? डबेच सुरू करू." मी हो म्हणालो. ही शेवटची पंगत, असं ठरलं.

वरणाची पळी माझ्या हातात होती. मन थाऱ्यावर नव्हतं, मी उभ्याउभ्याच वाढत सुटलो. शेवटी टोकाच्या त्या म्हाताऱ्याचं ताट आलं. मी पळी कलती करणार, तेवढ्यात त्याने ताटावर आडवा हात धरला. मला वाटलं, वरण नको असेल.

"टेकली नही, भैया," तो म्हणाला.

त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला फार लाज वाटली. मी तिथेच जमिनीवर बसलो. पळी ताटाला टेकली, बारीकसा आवाज झाला, मग त्याने हात काढला.

मी पातेलं ओढत पंगतीच्या पहिल्या ताटापाशी गेलो आणि बसून पुन्हा वाढायला घेतलं. थोड्या वेळाने मागे पाहिलं, तर अध्यक्ष भाजीची बादली घेऊन मावशीच्या पाटावर बसले होते, आणि माझ्यामागून सरकत येत होते.