उंच गवतातला चेंडू

मासे धुरी देऊन सुकवण्याच्या शेडमध्ये तीस वर्षं हॅडक टांगून टांगून एफी लीचचे दंड असे भरले होते, की गावच्या गोल्फ मैदानावर तिच्याइतका लांब चेंडू मारणारी दुसरी बाई नव्हती. फक्त तो कुठे जाईल याचा नेम नसे. वाऱ्याने तो वाळूच्या टेकाडांमधल्या उंच गवतात नेऊन टाकला, की एफी मागोमाग जाई आणि नुसत्या ताकदीने उपटून काढी. नवरा सँडी म्हणायचा, आमची ही खेळायला जात नाही, चरायला जाते.

मग बंदराच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर ती घसरली. उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, जोर मात्र परतला नाही. मे महिन्यात ती पुन्हा खेळायला गेली, तेव्हा गवताने गोल्फच्या काठीच्या मानेला विळखा घातला, काठीचं पातं भलतीकडे वळलं आणि चेंडू वीतभर सरकला. असं तीनदा झालं. तिने चेंडू खिशात घातला आणि कुणाला न सांगता घरी आली. सहा आठवडे काठ्यांची पिशवी कोळशाच्या खोलीत पडून होती.

एका सकाळी डूगल रेनी दारात उभा. चाळीस वर्षं त्याने त्या मैदानाची निगा राखली होती. चहा नको म्हणाला, पिशवी घे म्हणाला. टेकाडापाशी नेऊन त्याने चेंडू गवतात टाकला आणि वर बुटाने दाबला.

"डावा हात धड आहे ना? तोच लागतो. तोच घट्ट धर," तो म्हणाला. काठीचं पातं जरा उघडं, आभाळाकडे वळवून ठेव, गवत ते मिटवणारच आहे. काठी सरळ वर उचल आणि चेंडूवर उतरव, गवतातून ओढत आणू नकोस. "आणि भोकावरच्या झेंड्याकडे बघू नकोस. गवतातून बाहेर पडायची जवळची वाट शोध."

"ती तर मागे जाते."

"मग मागे मार. लाज वाटते?"

"वाटते."

"वाटू दे."

अकराव्या फटक्याला चेंडू टुणकन उडून कापलेल्या गवतावर पडला. एफी बघतच राहिली. उन्हाळाभर ती रोज यायची.

सप्टेंबरच्या बायकांच्या स्पर्धेत सतराव्या भोकापाशी तिचा चेंडू कमरेइतक्या गवतात गेला. जोडीला खेळणारी आयना कारगिल गालात हसली. एफीने झेंड्याकडे पाठ केली आणि चेंडू आडवा बाहेर काढला. पुढच्या फटक्यात तो भोकाभोवतीच्या हिरवळीवर आला. त्या दिवशी ती तिसरी आली. आजवर पहिल्या दहांतही तिचं नाव लागलं नव्हतं. ही बातमी सँडीने तिच्याआधी बंदरभर पोचवली.

आयना पहिली आली होती. स्पर्धेनंतरच्या जेवणाला बक्षीस काखेत धरून ती एफीजवळ येऊन बसली आणि सूप ढवळू लागली.

"ते तुझं आडवं मारणं," ती म्हणाली, "मला दाखवशील का गं?"

आता शनिवारी सकाळी पाच-सहा जणी टेकाडामागच्या गवतात उभ्या असतात. मधोमध एफी, डावी मूठ आवळून दाखवत.